अंगठा

ओगोला मासे कापतो, किसुमूच्या धक्क्यावर,
पहाटे चारपासून.
मांस विमानाने कुठल्या कुठे जातं,
कातडी कारखान्याला,
आणि नुसते सांगाडे, डोक्यासकट,
आमच्यासारख्यांच्या कढईत.

तीन वर्षं मी त्याच्या मागे होतो.
माझं कामच ते : अभ्यासाला माणसं मिळवायची,
आमच्यातली, लपून राहणारी.
माणसामागे मला तीनशे शिलिंग,
हे त्याला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.
तो म्हणाला, बरं झालं सांगितलंस,
मला उगाच वाटलं असतं तुला माझा लळा लागलाय.

पहिल्या वर्षी म्हणाला,
दवाखान्याच्या फाटकावरचा पहारेकरी
आमच्या चर्चमध्ये ढोल वाजवतो.

दुसऱ्या वर्षी गेला. खरंच गेला.
नर्सबाईंनी वर न बघता विचारलं, बायको कुठंय?
ती घेऊन ये, मग बघू.
आणतो म्हणाला आणि निघून आला,
जशी काही ती बाहेर सावलीत बसली होती.
त्या पावसाळ्यात त्याचं वजन नऊ किलो उतरलं.
कुणी विचारलं की मलेरिया.

मग ओमूगा गेला.
त्याच्या घरच्यांनी गादी जाळली, कपडे जाळले,
फोनही टाकला आगीत.
ओगोला माझ्या कानात म्हणाला,
त्या फोनमध्ये माझा नंबर 'मेकॅनिक' नावाने होता.
दुसऱ्या दिवशी आपण होऊन आला. चल, म्हणाला.

खोली हार्डवेअरच्या दुकानावर, पाटी नसलेली.
नैरोबीहून आलेल्या डॉक्टरीणबाई हळू बोलणाऱ्या.
अकरा पानांचं संमतीपत्र.
'ओळख गुप्त राहील' चार ठिकाणी.
ओगोलाने मोजलं.
चारदा शपथ खाणाऱ्याला
आम्ही बाजारात उधार देत नाही, म्हणाला,
पण सही केली.

आणि आता अंगठा, त्या म्हणाल्या,
एकच माणूस दोनदा येऊ नये म्हणून.
हा अंगठा जातो कुठे?
क्लाउडमध्ये, म्हणजे ढगात, त्या म्हणाल्या, आणि हसल्या जरा.
तो खिडकीतून सरोवरावरचं आभाळ बघत राहिला.
तिथूनच पडतो ना पाऊस,
पोलीस चौकीच्या पत्र्यावरसुद्धा?

तरी ठेवला.
लाल दिवा.
पुसून ठेवला. लाल.
लिंबू चोळून, स्पिरिट लावून,
मग दहाही बोटं, एकेक,
लाल, लाल, लाल.
बावीस वर्षांच्या खवल्यांनी, बर्फाने, मिठाने
रेघा कधीच खरवडून नेल्या होत्या.
हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हे.
उभ्या जन्मात कुणाला अंगठा न दाखवलेल्या माणसाला
भिंतीतल्या वायरीवर जगणारं ते यंत्र
अंगठा दाखवत होतं.

रकान्यात लिहिलं : अपात्र.
त्याला येण्याजाण्याचे चारशे मिळाले,
मला काही नाही.

जिन्यात तो हसत सुटला, खोकला लागेपर्यंत.
बघ, मला कुणी पकडूच शकत नाही!
बँक लुटू का? आं? खून करू?
मी हसलो नाही.
कुणी पकडू शकत नाही त्याला
गोळीसुद्धा सापडत नाही, हे त्यालाही कळलं असावं,
कारण तो मध्येच थांबला
आणि कठड्यावर हात टेकून
खालच्या खिळ्यांच्या बरण्या बघत राहिला.

डॉक्टरीणबाई मागून धावत आल्या, चपला हातात घेऊन.
हाताने लिहिलेली चिठ्ठी :
दुसरा दवाखाना, बुधवारी पाचनंतर, मागचं दार, नाव विचारणार नाहीत.
हे मी करायला नको, असंही म्हणाल्या.
चिठ्ठी त्याने गमबुटात सरकवली.
मोटरसायकलवर माझ्या मागे बसला,
खांदा घट्ट धरून.
रात्री कॉलरवर एक खवला चमकताना दिसला.
ठेवला तसाच.

आज बुधवार.
साडेचारपासून मी मागच्या दाराशी.
बर्फाचा ट्रक उशिरा आला असेल.
सव्वासहाला आतून कडी निघाली,
कुणीतरी डोकावून विचारलं, तू का?
मी नाही म्हणालो, येतोय.
त्याच्या गमबुटांचा आवाज मला लांबून ओळखू येतो.
अजून नाही आला.